गिटारच्या विरूपण-पेडल्सची तुलना आणि निवड : एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. तोच षड्ज त्याच उंचीवर आणि तेवढ्याच मोठेपणाने वाजला, तरी तो बासरीचा की सारंगीचा हे श्रोता ओळखतो ते नादाच्या जातीमुळे. बहुतेक वाद्यांत ही जाती वाद्याच्या बांधणीतच ठरून गेलेली असते. इलेक्ट्रिक गिटार मात्र याला मोठा अपवाद आहे. तारांखालील पिकअपमधून निघणारा क्षीण विद्युत् संकेत केबल, पेडल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशा साखळीतून प्रवास करतो आणि त्या प्रवासातच त्याची जाती घडते. या साखळीत पायाने चालू-बंद करावयाची जी छोटी धातूची पेटी असते, तिला 'इफेक्ट्स पेडल' म्हणतात.

या पेडल्सचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. डिले आणि रिव्हर्ब ही पेडल्स संकेताच्या प्रतिध्वनीसारख्या आवृत्त्या निर्माण करतात. कोरस, फेझर, वॉ-वॉ यांसारखी पेडल्स संकेताचा काही भाग हलवितात किंवा गाळतात. आणि ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन व फझ ही पेडल्स संकेताचा आकारच बिघडवितात. पहिल्या दोन वर्गांतील पेडल्सची तुलना बऱ्याच अंशी माहितीपत्रकावरून करता येते. प्रतिध्वनी किती मिलिसेकंदांपर्यंत लांबविता येतो, किती वेळा पुनरावृत्त होतो, हे आकड्यांत सांगता येते. तिसऱ्या वर्गाच्या बाबतीत ही पद्धत जवळपास निरुपयोगी ठरते, आणि नेमका याच वर्गात बाजारातील गोंधळ, आख्यायिका आणि किमतींतील तफावत सर्वांत मोठी आहे. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या वर्गाचाच विचार केला आहे. विरूपण-पेडलला साखळीपासून अलग काढून दाखविता येईल असा स्वतंत्र आवाज नसतो. त्यामुळे दोन पेडल्सची तुलना ही वस्तुतः दोन साखळ्यांची तुलना असते, हे त्यातील प्रमुख प्रतिपादन आहे.

विरूपणाची उत्पत्ती

विरूपण हा मुळात दोष. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे संकेत दिला की तरंगांचे माथे कापले जातात आणि आवाज खरखरीत होतो. ध्वनिमुद्रण-तंत्रज्ञांची एक संपूर्ण पिढी हा दोष टाळण्यासाठी झटत होती. नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या गीताच्या मुद्रणात ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा संकेत मिश्रण-यंत्राच्या एका नादुरुस्त मार्गातून गेला आणि त्याला एक विलक्षण घोगरा आवाज प्राप्त झाला. तो भाग पुसून टाकण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साह्याने हेतुपुरस्सर साधणारे मंडल सिद्ध केले व गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. आरंभी त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतात ते वाजले, तेव्हा मागणी एकाएकी वाढली.

मूळ ध्वनीत नसलेले घटक मुद्दाम निर्माण करण्याची ही कल्पना भारतीय वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा किंचित वक्र पृष्ठभाग आणि त्यावरील सुताचा दोरा यांमुळे तार घोडीला वारंवार स्पर्श करते आणि तिच्या साध्या कंपनात नसलेले अधिस्वर उमटतात. तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जी जवारी 'काढतात', ती याच जातीची क्रिया होय. फरक इतकाच की जवारी काढणारा कारागीर एका विशिष्ट तंबोऱ्यासाठी, त्याच्या तारांसाठी ती काढतो. पेडल मात्र कोणत्या गिटारला जोडले जाणार हे ठाऊक नसताना कारखान्यात तयार होते.

छाटणीचे भौतिकशास्त्र

पिकअपमधून येणारा संकेत साधारणतः एक-दशांश ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. पेडल प्रथम तो अनेक पटींनी वाढविते आणि मग डायोडच्या साह्याने त्याला मर्यादा घालते. सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टला, जर्मेनियम डायोड सुमारे ०.३ व्होल्टला, तर प्रकाश देणारा डायोड दीड व्होल्टच्या पुढे वाहू लागतो. त्या मर्यादेवर तरंगाचा माथा छाटला जातो. वरचा आणि खालचा माथा सारखाच छाटला तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम अधिस्वर निर्माण होतात. छाटणी असमान असेल तर दुप्पट, चौपट असे सम अधिस्वरही त्यात मिसळतात. बॉस कंपनीच्या १९७७ च्या ओडी-१ या पेडलमध्ये अशी असमान छाटणी योजलेली होती.

एकच स्वर वाजत असेल तोवर हे अधिस्वर मूळ स्वराशी सुसंगत राहतात. दोन स्वर एकत्र वाजले की प्रकरण बदलते. छाटणी करणारे मंडल त्या दोन कंपनसंख्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही निर्माण करते. ११० हर्ट्झचा स्वर आणि त्याचा पंचम, म्हणजे सुमारे १६५ हर्ट्झ, हे दोन एकत्र वाजविल्यास वजाबाकी ५५ हर्ट्झ येते. हा मूळ स्वराच्या बरोबर खालच्या सप्तकातील स्वर असल्याने आवाज भरदार होतो. याउलट २२० हर्ट्झचा स्वर आणि पाश्चात्त्य समान अंतराच्या सप्तकातील त्याचा शुद्ध गांधार, म्हणजे सुमारे २७७.२ हर्ट्झ, यांची वजाबाकी ५७.२ हर्ट्झ येते. ती कोणत्याच स्वराशी नीट जुळत नाही आणि गढूळपणा जाणवतो. रॉक संगीतात केवळ षड्ज-पंचमाचे 'पॉवर कॉर्ड' इतके का रूढ झाले, याचे बरेचसे उत्तर येथे आहे.

यातून तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. छाटणी किती होईल हे संकेत किती मोठा आहे यावर अवलंबून असते. एकच पेडल, त्याच्या कळा तशाच ठेवून, एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला आणि दुहेरी वेटोळ्याच्या जोरकस 'हंबकर' पिकअपला जोडले तर दोन वेगळी पेडल्स वाटावीत इतका फरक पडतो.

काही प्रमुख मंडले

बाजारात विरूपण-पेडल्सची नावे असंख्य असली तरी त्यांपैकी फार मोठा भाग मोजक्या मूळ मंडलांचे थोड्याफार फरकाने केलेले अवतार असतो. निवडीसाठी शंभर नावे पाठ करण्यापेक्षा ही मंडले समजून घेणे अधिक उपयुक्त.

लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेले 'फझ फेस' हे त्यांतील सर्वांत साधे. दोन ट्रान्झिस्टर, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके इतर घटक, दोन कळा. जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर पोहोचले. त्याचा प्रवेश-संरोध अवघा काही किलोओहम असल्याने ते पिकअपवर भार टाकते आणि एका अर्थी गिटारच्या कॉइललाच आपल्या मंडलाचा भाग बनविते. गिटारवरील आवाजाची कळ थोडी कमी केली की विरूपण निवळून आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. हा गुण अनेक वादकांना अतिशय प्रिय आहे. परंतु फझ फेसच्या आधी बफर असलेले दुसरे कोणतेही पेडल जोडले की हा गुण नाहीसा होतो. दुकानात उत्तम वाटलेले पेडल घरी नेल्यावर कर्कश वाटण्याचे हे एक नेहमीचे कारण.

जपानमध्ये मॅक्सन कंपनीने घडविलेले आणि आयबानेझच्या नावाने विकले गेलेले 'ट्यूब स्क्रीमर' १९७० च्या दशकाच्या अखेरीचे. यात डायोड फीडबॅकच्या मार्गात असल्याने छाटणी मृदू होते, आणि छाटलेल्या संकेतात मूळ संकेत मिसळलेला राहतो. फीडबॅकच्या जाळ्यातील ४.७ किलोओहमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांमुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालील स्वरांची वाढ क्रमशः कमी होत जाते. त्याच्या वर ती ड्राइव्हच्या कळेनुसार सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत असते. छाटणीनंतरचा गाळक पुन्हा जवळपास त्याच ठिकाणापासून तार स्वर कमी करू लागतो. दोन्ही बाजूंनी उतार, मध्ये उंचवटा, अशी या पेडलची ठेवण आहे.

न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे 'बिग मफ' नेमके उलटे. चार ट्रान्झिस्टरचे टप्पे, त्यांपैकी दोनांत छाटणी, आणि टोनची कळ मधोमध असताना १००० हर्ट्झच्या आसपास खोलगट. स्वर दीर्घकाळ टिकतो, खर्ज आणि तार दोन्ही भरपूर.

या दोहोंची खोलीत एकट्याने वाजवून तुलना केली तर बिग मफ बहुधा जिंकते. ट्यूब स्क्रीमर नाकात बोलल्यासारखे वाटते. मात्र बास गिटार आणि ड्रम्स यांच्या संगतीत वाजविताना चित्र पालटते. खर्जाचा प्रांत बास आणि ढोलाने, तारतेचा प्रांत झांजांनी व्यापलेला असतो. गिटारला उरतो तो मधला भाग, आणि बिग मफने तोच कमी केलेला असतो. म्हणून एकट्याने ऐकताना भव्य वाटणारा आवाज वृंदात दिसेनासा होतो आणि किरकोळ वाटणारा आवाज स्पष्ट उठून येतो. घरी बसून केलेल्या तुलनांमध्ये याहून मोठी फसगत क्वचितच होत असेल.

१९७८ चे बॉस डीएस-१ आणि मिशिगनच्या प्रोको कंपनीचे त्याच सुमाराचे 'रॅट' यांत डायोड संकेत थेट भूमीकडे वळवितात. छाटणी कठोर होते, कडा धारदार येतात.

चिपची आख्यायिका

जुन्या ट्यूब स्क्रीमरमधील जेआरसी-४५५८ या चिपविषयी वादकांत जवळपास भक्तिभाव आहे. तीच चिप घातलेले पेडल 'अस्सल' आणि बाकीचे नकली, असा समज रूढ आहे. मंडलाचा विचार केल्यास या समजाला आधार कमी सापडतो. ट्यूब स्क्रीमरमधील जास्तीत जास्त वाढ ११८ पटींची. ४५५८ ची कार्यकक्षा ती वाढ कानाच्या मर्यादेपर्यंत पेलण्यास पुरेशी आहे, आणि तिच्या जागी येणाऱ्या बहुतेक नव्या चिपांचीही असते. आवाज ठरतो तो डायोड, रोध आणि कपॅसिटर यांवरून. टीएस-८०८ आणि टीएस-९ या बहुचर्चित जोडीतील मंडलाचा मुख्य फरकदेखील निर्गमाकडील दोन रोधांच्या मूल्यांचा आहे.

परंतु यावरून चिपला कधीच महत्त्व नसते असा नियम करणेही चूक ठरेल. रॅटमधील वाढ कळ पूर्ण फिरविल्यास दोन हजार पटींहून अधिक होते. त्यात मूळची एलएम-३०८ ही चिप मंदगती. तिचा व्होल्टेज मायक्रोसेकंदाला सुमारे ०.३ व्होल्टपेक्षा वेगाने बदलू शकत नाही. एवढी वाढ आणि इतकी संथ चिप यांची गाठ पडल्याने तार स्वर ऐकू येईल इतके बोथट होतात, व तेच रॅटचे वैशिष्ट्य बनले. कंपनीने पुढे ओपी-०७ ही चिप वापरली. तीही तितकीच संथ आहे. त्या जागी वेगवान चिप घातल्यास फरक पडतो. 'चिपने फरक पडतो काय' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणत्या मंडलात, हे आधी विचारावे लागते.

पेडलच्या अलीकडे आणि पलीकडे

पेडलपर्यंत येण्याआधीच संकेत घडू लागलेला असतो. गिटारची केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड इतकी धारकता बाळगते. अडीच हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपला ६ मीटर केबल जोडली तर त्याचे अनुस्पंदन सुमारे ३८०० हर्ट्झला येते. एकूण केबल १८ मीटर झाली की ते सुमारे २३०० हर्ट्झपर्यंत उतरते आणि आवाजातील चमक हरपते. बंद असताना संकेत जसाच्या तसा पुढे पाठविणारी 'ट्रू बायपास' पेडल्स श्रेष्ठ मानण्याची पद्धत आहे. अशी आठ पेडल्स एकामागे एक जोडली की सगळ्या केबलचा भार थेट पिकअपवर येतो, हे त्या वेळी विसरले जाते. साखळीत एखादे चांगले बफर असणे अशा वेळी हिताचे. फक्त ते फझ फेसच्या आधी नसावे.

पलीकडची बाजूही तितकीच निर्णायक. पूर्ण स्वच्छ ॲम्प्लिफायरला जोडलेले ट्यूब स्क्रीमर स्वतः विरूपण करते. फुटण्याच्या बेतात असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपुढे मात्र त्याची ड्राइव्हची कळ खाली आणि लेव्हलची कळ वर ठेवली, तर ते खर्ज आवरून ॲम्प्लिफायरला ढकलण्याचे काम करते. स्टीव्ही रे वॉन यांनी या पद्धतीचा वापर विख्यात केला. एकाच पेडलचे हे दोन उपयोग इतके भिन्न आहेत की त्यांना एकच गुणांकन देणे निरर्थक होय.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत याचे उलट टोक पाहावयास मिळते. ॲम्प्लिफायर उपलब्ध नसतो, म्हणून विरूपण-पेडल थेट सभागृहाच्या मिक्सरला जोडले जाते आणि माश्या घोंघावल्यासारखा आवाज येतो. दोष पेडलला दिला जातो. गिटारचा स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो आणि छाटणीतून निघालेल्या कर्कश अधिस्वरांना गाळतो. सभागृहाचे स्पीकर ते सर्व इमानाने ऐकवितात. अशा ठिकाणी स्पीकरचे अनुकरण करणारे उपकरण मध्ये घालणे हाच उपाय. महागडे पेडल घेतल्याने काही साधत नाही.

न्याय्य तुलनेच्या अटी

पहिली अट आवाजाच्या पातळीची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज मोठा होत जातो तशी कानाची खर्जाबाबतची संवेदनक्षमता तुलनेने वाढते. त्यामुळे थोडेसे मोठे वाजणारे पेडल अधिक भरदार आणि 'चांगले' वाटते, आणि ऐकणाऱ्याला ते मोठे आहे हे उमगतही नाही. दोन्ही पेडल्स चालू असतानाच्या पातळ्या सारख्या करून घेतल्याशिवाय काढलेला कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

दुसरी बाब कळांच्या स्थितीची. सर्व कळा मधोमध ठेवून केलेली तुलना निःपक्षपाती वाटते, प्रत्यक्षात तिला अर्थ नसतो. एका पेडलची मध्यस्थिती म्हणजे २० पट वाढ, तर दुसऱ्याची २०० पट असू शकते. शिवाय या कळांच्या मूल्यांत २० टक्क्यांपर्यंतची तफावत उत्पादनात सर्रास चालते, म्हणून एकाच प्रतिरूपाची दोन पेडल्सही हुबेहूब नसतात. आधी छाटणीचे प्रमाण कानाने सारखे करावे आणि मग उरलेला फरक ऐकावा, हा मार्ग बरा.

तेच वादन पुन्हा पुन्हा ऐकविण्यासाठी लूपरचा वापर करण्याची युक्ती चांगली आहे, कारण वादकाचा हात नकळत प्रत्येक पेडलनुसार बदलतो. तिची मर्यादा अशी की लूपरमधून निघणारा संकेत बफर झालेला असतो. फझ फेसच्या जातीच्या पेडलवर त्यामुळे अन्याय होतो. ते प्रत्यक्ष गिटारनेच तपासावे लागते. कोणते पेडल चालू आहे हे ऐकणाऱ्यापासून लपविणे शक्य असेल तर अवश्य लपवावे. नाव आणि किंमत ठाऊक असताना कान तटस्थ राहत नाही.

किंमत आणि खरेदी

नावाचे वजन किती असू शकते याचे उदाहरण म्हणून 'क्लॉन सेंटॉर'कडे पाहता येईल. अमेरिकेतील बिल फिनेगन यांनी १९९४ पासून सुमारे दीड दशकात या पेडलचे साधारण ८००० नग तयार केले. मंडल कोणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर काळ्या राळेचा थर दिलेला असे. उत्पादन थांबल्यावर वापरलेल्या नगांच्या किमती हजारो डॉलरांवर गेल्या. पुढे मंडल उलगडले गेले, अनुकृती स्वस्तात मिळू लागल्या, तरी मूळ नगाचे मोल उतरले नाही. आपल्या नंतरच्या 'केटीआर' या पेडलच्या दर्शनी भागावर, या अवास्तव गवगव्यास आपण जबाबदार नाही अशा आशयाचे वाक्य फिनेगन यांनी छापून घेतले. हजारो डॉलर मोजणारा येथे एक दुर्मीळ वस्तू विकत घेतो. ध्वनीशी त्या आकड्याचा संबंध अल्प आहे.

महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे येणाऱ्या तुलनात्मक तक्त्यात मात्र दर, हमीचा काळ आणि माहितीपत्रकातील वैशिष्ट्ये एवढेच रकाने असतात. विरूपण-पेडलसाठी त्यात निदान तीन नोंदी वाढविणे इष्ट : विद्यार्थ्यांकडील गिटारचे पिकअप कोणत्या जातीचे, पेडलच्या पुढे ॲम्प्लिफायर आहे की सभागृहाचा मिक्सर, आणि वीजपुरवठा कोणता. तिसरी नोंद क्षुल्लक वाटेल, पण उपकरणे बिघडतात ती बहुधा तेथेच. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट एकदिश पुरवठा लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. इतर उपकरणांच्या अनेक ॲडॅप्टरांत मध्यभागी धन टोक असते. जुन्या धर्तीच्या जर्मेनियम फझमध्ये तर पेटीला धन टोक जोडलेले असते, आणि अशा पेडलला इतरांबरोबर एकाच ॲडॅप्टरवर लावल्यास पुरवठा शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्यावी. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधील गळतीचा प्रवाह तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की जवळपास दुप्पट होतो. डिसेंबरात पारखून घेतलेले पेडल नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, उघड्या मंचावर, वेगळेच बोलू लागते. उन्हाळी कार्यक्रमांसाठी सिलिकॉनचे फझ घेणे अधिक सोयीचे पडते.